शेळ्यांच्या पानाचं कुलूप

शांताक्का उमरग्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं होत्या. अर्ध्या तालुक्याची भांडणं, सोयरिकी, कुणाच्या जावयानं काय दिवे लावले, सगळं त्यांच्या कानांवरून गेलं. ओठांबाहेर अक्षर आलं नाही. याचा त्यांना भारी अभिमान होता, आणि का नसावा?

निवृत्तीनंतर मुरूम गावात गप्प बसवेना, म्हणून शेळ्या पाळणाऱ्या अकरा बायकांची वेबसाइट त्यांनी अंगावर घेतली. त्यातलं एक पान फक्त त्या बायकांचं: कुणाची शेळी विकायची, कितव्या वेताची, किती भावाखाली सोडायची नाही. ते पान गुपित शब्द टाकला की उघडायचं. पण गेल्या बाजारी दलाल गुंडाप्पानं प्रत्येकीला नेमका तिचा शेवटचाच भाव सांगितला. एक रुपया वर नाही!

आज सकाळी त्या अकराजणींतली कडूबाई बोकड घेऊनच दारात. "अक्का, उद्या बाजार हाय. आज पक्कं कुलूप बसलं तर ठीक, न्हायतर आमची अकराजणींची नावं काढून टाका त्यातनं."

"बसवते. माझ्याकडून आजवर काही फुटलंय का?"

बोकड बाहेर बांधून कडूबाई आत येऊन बसली. भाची शिवांजली पुण्याहून फोनवर होतीच. "मावशी, तुम्ही शब्द पानातच लिहून ठेवला होता. पानाच्या पोटात डोकावलं की कुणालाही दिसतो. आता आज्ञा देऊन तो सर्व्हरच्या तिजोरीत ठेवायचा. एकदा ठेवला की तुम्हालाही दिसणार नाही, फक्त बदलता येईल."

लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आज्ञा लिहायची, एंटर मारायचं, पलीकडून उत्तर येतं. शांताक्कांना ते एकदम पटलं. माणसानं असंच बोलावं, मुद्द्याचं.

शिवांजलीनं सांगितलेली आज्ञा लिहिली, तसा मशीननं गुपित शब्द विचारला. शांताक्कांनी दोन अक्षरं मारली. पडद्यावर काही नाही. ठिपकासुद्धा नाही.

"मेलं की गं हे!"

"नाही मावशी, ते मुद्दाम दाखवत नाही. मागून कुणी वाचू नये म्हणून. खोडून पहिल्यापासून टाइप करा."

दिसत नाही म्हटल्यावर जुनी सवय जागी झाली. एक्स्चेंजमध्ये नंबर लावताना तो मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे चूक राहत नाही. शांताक्का खणखणीत आवाजात म्हणत गेल्या, "के, ए, आर, ए, डी, यू, चार, सात, नऊ!" आणि एंटर.

"मावशी!" शिवांजली फोनमध्ये किंचाळली.

उशीर झाला होता. खिडकीखालच्या कट्ट्यावर गुंडाप्पा कडूबाईच्या बोकडाचे दात बघत बसला होता. त्यानं हसत फोन काढला. "अक्का, आवाज अजून तसाच हाय बघा. पार उमरग्यापत्तोर जाईल."

"बत्तीस वर्षं फुटलं न्हाय म्हणं!" कडूबाई म्हणाली.

शांताक्कांचे कान तापले. पण रडत बसायला वेळ कुणाला आहे? "शिवांजली, बदलायची आज्ञा सांग."

"तीच, मावशी. नवा शब्द जुन्याच्या जागी बसतो."

शांताक्कांनी तांब्या उचलला, पाण्याचा मोठा घोट घेतला आणि गिळलाच नाही. गाल टम्म फुगवून, एका बोटानं, एकेक अक्षर मारलं. कडूबाई तोंडाला पदर लावून हसत होती. एंटर. मग खिडकीतून चूळ अशी टाकली, की गुंडाप्पा टुणकन उठला.

नवा शब्द कडूबाईच्या कानात गेला. तिनं आपल्या फोनवर टाकला, पान उघडलं. बाकीच्या दहाजणींच्याही कानातच जायचा होता.

गुंडाप्पाच्या फोनवर पान आत्ता कुठं आलं. त्यानं ऐकलेला शब्द टाकला. परत टाकला. "अक्का, परवानगी न्हाय म्हणायलंय की!"

शांताक्कांनी एक्स्चेंजचा ठेवणीतला आवाज काढला. "ही लाइन व्यस्त आहे. कृपया थोड्या वेळानं प्रयत्न करा."

"आता तुमीच सांगा, गुंडाप्पा," कडूबाई म्हणाली, "माझ्या बोकडाला काय देताव?"

गुंडाप्पानं बोकडाचे दात नव्यानं पाहिले, पाठ चाचपली आणि तिच्या शेवटच्या भावापेक्षा वरचा आकडा बोलला. तो ऐकून तोंडून काही निसटू नये म्हणून कडूबाईनं तांब्या उचलला आणि पाण्याचा घोट तोंडात धरून बसली.