शंभर कौरव आणि मांदेळीचं पाणी

कुणाला तुच्छ समजायला आमच्या घरी शिकवलेलं नाही. शिवाय घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे 'चार पुस्तकं वाचली की लगेच बोलायला लागली' असं कुणी म्हणेल, याची भीती वाटते. तरी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांबद्दल मला जे वाटतं, त्याला दुसरा शब्द सापडत नाही.

कोपरखैरण्यातल्या आमच्या इमारतीच्या गेटवर कृष्णकमळाची वेल होती. आईने ती रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली. पहिली दोन वर्षं काका तिला जंगल म्हणायचे. "वहिनी, डास होतात. काढून टाका." आई 'व्हय' म्हणायची आणि काढायची नाही. दर रविवारी मांदेळी धुतलेलं पाणी ती वेलीच्या बुडाशी ओतायची. वेल नुसती फोफावली होती.

मग काकांच्या मोबाइलवर कुणीतरी त्या फुलाचा अर्थ पाठवला. कडेचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, आतले पाच पांडव, वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश. झालं, जंगलाचं देवस्थान झालं. 'चपला काढाव्यात' असा बोर्ड लागला. उघड्या गेटवर चपला काढून माणसानं जायचं कुठे, ते काकांनाच ठाऊक. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते कौरव दाखवायचे. मोजून कधी दाखवले नाहीत. मी एका फुलाचे मोजले, ब्याण्णव भरले. ही वेल दक्षिण अमेरिकेतली आणि तिकडे पाद्र्यांना याच फुलात येशूचा काटेरी मुकुट दिसला, हे आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं होतं. तेही मी काकांना सांगितलं नाही. अर्थाचा मला राग नाही. आईला तर ती गोष्ट फार आवडली होती.

राग आहे तो पुढच्याचा. "वहिनी, देवाच्या वेलीला मासळीचं पाणी? शोभतं का?" आई ओशाळली. पाणी बंद झालं. त्याऐवजी लोक दूध आणि हळद-कुंकू ओतू लागले. महिन्याभरात बुडाशी आंबट वास, मुंग्या, पानं पिवळी.

"कुणीतरी विटाळ केलाय," काका चारचौघांत म्हणाले. बघत होते आईकडे.

आई वर गेली, कात्री घेऊन आली आणि वेलीची हिरवी राहिलेली हातभर फांदी कापली.

"वहिनी! पाप लागेल!"

"लागू द्या, भावजी. ही मेली म्हंजे हात कुनाला जोडनार?"

मी शेजारीच उभी होते. इतकं शिकून मला एक वाक्य सुचलं नव्हतं.

गेटवरची वेल वाळली. आमच्या खिडकीत लावलेल्या फांदीने मूळ धरलं, तिला दोन कळ्याही आल्या. गेल्या आठवड्यात काका दारात उभे. "वहिनी, एक फांदी द्याल का? बोर्ड नुसताच दिसतो."

आईने दिली. मी दिली नसती.