रिकाम्या कणांची चाचणी

प्रयोगशाळेत माघारी सगळे त्यांना हळूबाई म्हणत, तोंडावर ताई. बावीस वर्षं त्या तिथे तंत्रज्ञ होत्या आणि कुठलंही काम घाईघाईने करताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "ताईंचा चहा ढवळून होईपर्यंत आपला प्रबंध लिहून होईल," असं विद्यार्थी म्हणायचे. पण नाजूक काम अडलं की तेच त्यांच्या टेबलापाशी येऊन घुटमळायचे.

गेली चार वर्षं काम एकच होतं. पेशीच्या पातळ पटलात काही प्रथिनं दारासारखी बसलेली असतात. ती बाहेर काढायला साबणासारखं द्रावण लागतं, आणि नुसता साबण काढून घेतला तर त्यांचा गोळा होऊन ती वाया जातात. म्हणून त्यांना चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत बसवायचं, बारीक मण्यांकडून साबण शोषून घ्यायचा आणि मग ते कण दुसऱ्या पटलाला भिडवायचे. दार नव्या पटलात नीट बसलं तर त्यातून विजेचा प्रवाह जातो आणि पडद्यावरची आडवी रेघ पायरी चढते. चार वर्षं रेघ आडवीच होती.

त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता तो बेसिनपाशी कोसळला. हळूबाई डबे भरत होत्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. लेक रडली, दीर रडले, जिन्यात शेजारीण रडली. हळूबाईंनी वाहता नळ बंद केला. आपल्यालाही रडू येईल म्हणून त्यांनी दोन-चार दिवस वाट पाहिली. आलं नाही.

दहाव्या दिवशी त्या कामावर निघाल्या.

"आई, अजून थोडे दिवस थांब ना घरी," लेक म्हणाली.

"थांबून काय करू?" त्या म्हणाल्या, आणि खरंच उत्तर मिळेल म्हणून क्षणभर दारात उभ्या राहिल्या.

प्रयोगशाळेत वेगळीच धांदल होती. प्रमुख मॅडम धावत आल्या. "ताई, रेघ चढली! तुम्ही नव्हतात आणि झालं बघा!" बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

प्रयोग केला होता पीएचडी करणाऱ्या मुलीने. हळूबाईंनी तिची वही वाचली. मणी दोनच तास ठेवले होते. त्या स्वतः अख्खी रात्र ठेवत. कुणाला काही न बोलता त्यांनी त्याच पद्धतीने रिकामे कण बनवले. चरबी तीच, मणी दोनच तास, प्रथिन मात्र अजिबात नाही. पटलाला भिडवले. रेघ पायरी चढली.

एरवी हे सांगायचं कसं, या विचारात त्यांचे दोन दिवस गेले असते. आता तसं झालं नाही. त्या सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या.

"यात प्रथिन नाही, मॅडम. तरी चढते. साबण उरलाय, तोच भोकं पाडतोय."

मॅडमनी रेघेचा छापील कागद हातात घेतला. "लेख परवा पाठवायचाय, ताई."

"हो."

"राग मानू नका, पण सध्या तुमची मनःस्थिती…"

"माझी मनःस्थिती कुपीत नाही, मॅडम. तुम्ही स्वतः करून बघा."

मॅडमनी दोनदा करून बघितलं. लेख थांबला. पुढचे पंधरा दिवस त्या हळूबाईंशी कामापुरतंच बोलल्या. ती मुलगी हात धुवायच्या जागी हमसून हमसून रडत होती. हळूबाई तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. "घाई सगळ्यांनाच झाली होती गं," त्या म्हणाल्या. मनात आलं, किती सहज रडता येतं हिला.

मग दोघींनी मिळून पहिल्यापासून सुरुवात केली. चरबीचं प्रमाण, मण्यांचा वेळ, एकेक गोष्ट बदलून बघण्यात पाच महिने गेले. एका सकाळी रिकाम्या कणांनी रेघ हलली नाही, भरलेल्या कणांनी चढली, आणि ते दार बंद करणारं औषध टाकताच पुन्हा खाली आली. मुलगी किंचाळली. मॅडमनी हळूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. हळूबाईंनी वहीत वेळ लिहिली, अकरा चाळीस. डावा बूट चावतोय, एवढंच त्यांना जाणवलं.

लेख छापून आला तेव्हा त्यात त्यांचं नाव तिसरं होतं. रविवारी दुपारी जेवताना लेकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"आई, तुला आनंद नाही झाला?"

"झाला असेल." त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "भात आहे का अजून?"

लेक उठली. बाबा गेल्यापासून आईने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. तिने पातेलंच उचलून आणलं.