गळ्यातली सवत

माझ्या नवऱ्याचं लग्न माझ्या आधीच अख्ख्या अष्टमी गावाशी लागलेलं होतं, हे मला कोणी सांगितलं नाही. पेणहून नवरी होऊन आले तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आमचा पोर कामसू हाय हो, आणि देवाचं वेड हाय त्याला." मी खूष. दारू नाही, तंबाखू नाही, रोह्याच्या कंपनीत बॉयलरवर कायमची नोकरी. आणखी काय पाहिजे? माहेरच्या मैत्रिणी तर माझ्या नशिबावर जळत होत्या. त्यांना म्हणावं, या आणि राहा चार दिवस, मग बघू कोण कोणावर जळतंय ते.

पहिली शिफ्ट दुपारी सुटायची. कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, आणि पुलापासून आमचं घर हाकेवर. पण हे कधी सरळ घरी आले असतील तर शपथ! वाटेत कोणाचा म्हातारा दवाखान्यात न्यायचा असे, कोणाच्या लग्नाचा मांडव घालायचा असे, कोणाच्या मयताचं सामान आणायचं असे. नदीला पाणी चढलं की कंपनीतून आल्या कपड्यांनी काठावरच्या लोकांचं सामान उचलायला धावायचे. पलीकडच्या आळीत एक मुसलमान म्हातारी राहायची, सगळे तिला खाला म्हणायचे, म्हणजे मावशी; तिचे दोन्ही मुलगे गल्फला. तिची साखर तपासायला दर महिन्याला हेच न्यायचे. ती मला म्हणायची, "तुझा घरवाला म्हंजे हिरा हाय गो!" मी हसायची आणि मनात म्हणायची, हो का? मग ठेवून घ्या हिरा, माझ्या तरी कुठं अंगावर चमकतोय!

बरं, घरात काही कमी केलं असं म्हणायलाही जागा नाही. पगार पाकिटासकट माझ्या हातात. मुलीला ताप आला तर उशाशी बसून राहायचे. भांडायला कारण सापडत नसे, आणि त्यानं माझा जास्तच जळफळाट व्हायचा. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला बाई चारचौघांत शिव्या तरी घालते. देवळातून येणाऱ्याला काय घालणार? मी "मला एकटं वाटतं" म्हटलं असतं तर अख्खी आळी मलाच वेड्यात काढती.

यांची एक सवय होती. कोणीही समोर आलं की आधी विचारायचे, "दमलास का रे?" बाई असली तर, "दमलीस का गो?" हमालाला विचारायचे, मास्तरला विचारायचे, बाजारात मासे विकायला बसलेल्या कोळणीला विचारायचे. आणि विचारून पुढं जायचे नाहीत, उत्तरासाठी थांबायचे. माणूस तेवढ्यानं विरघळायचा. मी ते कितीदा बघितलंय, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन, मागं उभी राहून. मला मात्र कधी विचारलं नाही. मी काय, घरातली.

आणि या सगळ्यांच्या वर एक होती. वीणा.

आमच्या देवळात वर्षाला सप्ताह बसतो. सात दिवस नामस्मरण अखंड चालतं. एकानं वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, तार छेडत नाम घ्यायचं. त्याचा वेळ संपला की दुसऱ्यानं यायचं. त्याला पहारा म्हणतात. सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही आणि नाम तुटत नाही. दुसरा आला नाही तर पहिल्यानं उभंच राहायचं, मग पाय मोडोत की घर जळो.

हे तर यांच्या हाडातच होतं. कंपनीत बॉयलरवरही तोच कायदा, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्यामुळे गावाला फावलं. ज्याचा पहारा असे तो निवांत जेवून, पान खाऊन, वाटलं तर एक डुलकी काढून यायचा. कधी यायचाच नाही. विचारलं तर म्हणायचा, "ते हायत ना तिथं!" ते हायत ना. त्या तीन शब्दांवर अष्टमीचा सप्ताह चालायचा, आणि आमच्या घरी ताट झाकलेलं राहायचं.

सप्ताह संपला की ती वीणा वर्षभर आमच्याच घरी खुंटीला. देवळाच्या मंडळानं विश्वासानं सोपवलेली म्हणे. हे रोज तिच्यावरची धूळ पुसायचे, कशी हळूच, बोटांच्या टोकांनी. एकदा मला म्हणाले, हिला एक खोळ शिवून दे. आणि मी बावळट, माझ्या बऱ्यातल्या जांभळ्या पातळाची शिवून दिली! स्वतःच्या हातानं सवतीला पातळ नेसवणारी बाई मी एकटीच असेन.

मुलीला स्थळ आलं ते पेणचं, रामवाडीतलं. मुलगा शाळेत मास्तर, माणसं चांगली, माझ्या माहेरी ओळखीतली. मला ते स्थळ हवं होतं. खूप हवं होतं. पोरगी पेणला गेली तर माझं माहेर परत माझं झालं असतं. पण त्यांना सवड होती ती नेमकी सप्ताहात. मी म्हटलं, पुढं ढकलूया. हे म्हणाले, "कशाला? त्या दिवशी मी पहारा घेत नाय. शिफ्ट सुटली की घरी. देवाशपथ."

"बाप घरी नसला तर काय अर्थ काढतील लोक?" मी म्हटलं.

"सांगितलं ना, येतो."

त्या दिवशी मी सकाळपासून राबत होते. पेणच्या माणसांना पोहे करून घालायचे म्हणजे परीक्षाच. पेणात पोह्यांच्या गिरण्या, तिथलं शेंबडं पोरसुद्धा पोह्याला नावं ठेवतं. घर सारवून, पोरीला तयार करून, मी स्वतः मोरपंखी साडी नेसून बसले. तीन वाजून गेले. साडेतीन. पाहुणे दुपारच्या गाडीनं येणार होते. ती गाडी कासू स्टेशनात क्रॉसिंगला अडकू दे रे देवा, म्हणून मी हात जोडले. ज्या देवापायी नवरा जातो त्याच्यापुढंच हात जोडायची वेळ आली, काय करता!

गाडी अडकली नाही. पाहुणे वेळेवर आले. मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. मी पाणी दिलं, हसले, "येतीलच एवढ्यात" म्हटलं. मुलाच्या आईनं घरभर नजर फिरवली आणि विचारलं, "मुलीचे वडील?" तेवढ्यात मागच्या दाराशी खाला. हळू आवाजात म्हणाली, "अगो, तो देवळात वीणा घेऊन उभा हाय. मी आत्ता बघून आले."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या ठेवल्या, खालाला म्हटलं, बसा यांच्यापाशी जरा. आणि निघाले. भर उन्हात, मोरपंखी साडीत. रस्त्यात बायका विचारत होत्या, कुठं निघालीस गो? मी एकीलाही उत्तर दिलं नाही.

देवळात हे उभे. अंगावर कंपनीचाच शर्ट, डोळे मिटलेले, गळ्यात ती. खांबाला टेकून एक म्हातारे बुवा टाळ वाजवत होते आणि मागं चार बायका महाप्रसादाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाकी चिटपाखरू नाही. शिफ्टवरून येता येता यांनी देवळात डोकावलं, आधीचा माणूस म्हणाला जरा धरा, मी पाच मिनिटांत येतो, आणि यांनी धरली. एवढंच झालं होतं. तो माणूस घरी जाऊन आडवा झाला. ते हायत ना!

मी समोर जाऊन उभी राहिले. "पाहुणे आलेत."

यांनी डोळे उघडले. मला बघून चेहरा पडला. पण नाम तोडायचं नाही ना! "राम कृष्ण हरी," हे म्हणाले, मान हलवून, म्हणजे कळलं.

"कळलं काय? पोरीचं आयुष्य हाय हे! शपथ घेतली होतीत ना?"

"राम कृष्ण हरी," कळवळून.

"एका दिवसासाठी मागितलं होतं तुम्हाला. एका दुपारसाठी! गावाला रोज पुरता, मला एक दुपार पुरत नाय?"

"राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी." डोळ्यांत पाणी, हात तारेवर. तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते.

"ठेवा ती खाली," मी ओरडले.

टाळवाले बुवा म्हणाले, "अगो, खाली नाय ठेवत ती."

"मग द्या इकडं!"

माझ्या तोंडून निघून गेलं. आमच्याकडं तोवर बाईनं पहारा घेतलेला नव्हता. बुवा गडबडले, "बाईमाणसानं कसं...?"

"मग उठा तुम्ही, घ्या गळ्यात," मी म्हटलं. बुवांचे गुडघे गेलेले. ते परत टाळ वाजवायला लागले.

वीणा द्यायची एक रीत आहे. घेणाऱ्यानं आधी देणाऱ्याच्या पाया पडायचं. मग वीणा गळ्यात घ्यायची, तार चालू ठेवून, नाम चालू ठेवून. आणि ती गळ्यात आली की देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं. समोर कोणी का असेना. मी यांच्या पाया पडले, त्यात काय, दर सणाला पडते. यांनी पट्टा माझ्या गळ्यात घातला. माझं बोट तारेवर नेऊन ठेवलं. मी नाम धरलं. आणि मग हे वाकले.

माझ्या पायांवर डोकं ठेवलं यांनी. खरोखर टेकवलं. मागं एका बाईच्या तोंडून "अगो बाय माझे!" असं निघालं. हे उठले आणि पळत सुटले घराकडं.

मग मी आणि ती. पट्टा यांच्या घामानं ओला होता. जिथं यांचा हात असायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं. इतक्या वर्षांत यांनी माझा हात कधी इतका वेळ धरला नव्हता, असं वाटून मला परत संताप आला आणि मी तार जोरात छेडली. माझ्या बापाचा पेणला गणपतींचा कारखाना. लग्नाआधी मी मूर्तींचे डोळे आखायची, हात न हलवता तासन्‌तास. त्यामुळे उभं राहणं, स्थिर राहणं मला जड नव्हतं. जड होतं ते दुसरंच. घरी माझी पोरगी बघितली जात होती आणि मी तिथं नव्हते. मी मारे नवऱ्याला सोडवायला आले आणि स्वतःच बांधली गेले. पाच मिनिटांत येणारा आला नाही. त्याला कोणी तरी सांगितलंही असेल, त्यांची बायको हाय ना तिथं.

ऊन उतरलं. पोटऱ्या दुखायला लागल्या. खाला घाईघाईनं आली, देवळाच्या पायरीखालीच थांबली आणि तिथूनच सांगायला लागली. जमलं म्हणे! मुलाच्या आईनं विचारलं, मुलीची आई कुठं गेली, तर यांनी सरळ सांगून टाकलं की माझ्या जागी देवळात उभी आहे. त्यावर मुलाचे वडील म्हणाले, "काय माणूस हाय! बायकोलासुद्धा सेवेत लावलंय. असल्या घरची मुलगी डोळे मिटून घ्यावी."

ऐका! उभी मी, पाय माझे मोडताहेत, पोहे माझे, आणि कौतुक कोणाचं? यांचं! मी "राम कृष्ण हरी" इतक्या रागानं म्हटलं की बुवांचा टाळ चुकला.

पाहुण्यांना स्टेशनावर सोडून हे आले. येतील तेव्हा हे ऐकवीन, ते ऐकवीन, सगळं मी मनात रचून ठेवलं होतं. पण माझ्या गळ्यात वीणा, तोंडात नाम, बोलणार काय! मला यांच्यावर पहिल्यांदा दया आली, आणि त्या दयेचाही राग आला.

हे पायऱ्या चढून आले आणि रीतीप्रमाणं माझ्या पाया पडले. उठून पट्ट्याला हात घालायचा असतो, पण घातला नाही. माझ्याकडं नीट बघितलं. विस्कटलेल्या केसांकडं, मोरपंखी साडीकडं. ती साडी तेव्हा यांना पहिल्यांदा दिसली असावी.

"दमलीस का गो?" हे म्हणाले.

आणि थांबले. हमालासाठी थांबायचे, कोळणीसाठी थांबायचे, तसे उत्तरासाठी थांबले.

पायांत उभं राहायचं त्राण नव्हतं. हो म्हटलं असतं तर वीणा यांच्या गळ्यात गेली असती, डोळे परत मिटले असते, आणि मी घरी जाऊन ताट झाकून बसले असते. वीणा मी उराशी घट्ट धरली. मान हलवली. नाय.

हे तसेच समोर उभे राहिले, माझ्याकडं बघत. मी नाम चालू ठेवलं.