हुंकार

टिळकवाडीतल्या एक बाई दर रविवारी ऑनलाइन पुराणकथा सांगतात. त्याआधी बुधवारी ग्रुपवर त्यांचा निरोप येतो, "ह्या रविवारी नचिकेताची गोष्ट हाय. यम भेटला तर काय विचारशिला, ते ठरवून या."

कथेच्या वेळी सगळ्यांचे माइक बंद असतात. फक्त एकाचा चालू, हुंकार द्यायला. "हूं म्हणणारं कुणी नसलं की गोष्ट चालत न्हाय," असं त्या सांगतात. ते काम माझ्या पत्नीचं होतं. ती गेल्यावर बाईंनी ते दुसऱ्या कुणाला दिलं नाही. वाक्य संपलं की हुंकारापुरत्या थांबत आणि पुढं जात. मी तिच्याच फोनवर गप्प ऐकत असे.

परवा नचिकेत यमाच्या दारात पोचला आणि त्या थांबल्या. मी माइक चालू करून "हूं" म्हणालो.

बाई म्हणाल्या, "बरं झालं, आलासा अण्णा. तर यम काय घरी नव्हता. पोरगं उंबऱ्यावर बसून राहिलं."