बुडाचा रंग

कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी ती उलटी करून बघत. नवी बादली, खुर्ची, शेजाऱ्याने कौतुकाने दाखवलेली इस्त्री, काहीही. चहाने भरलेला कप उलटा करता येत नाही म्हणून तो डोक्याच्या वर धरून खालून न्याहाळत आणि मगच तोंडाला लावत. एकदा कॉलनीतल्या एका लग्नात नवरदेव बसायच्या आत त्यांनी चौरंग उलटा केला. मुलीकडच्या मंडळींना वाटलं, वरपक्षाचा काही रिवाज असेल. मग त्यांनीही भक्तिभावाने वाकून चौरंगाचं बूड पाहून घेतलं.

"वरून काय पाहून राहिले? खालून पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्याकडे हे होते.

रायपूरच्या चौबे कॉलनीत ते आमच्या समोर राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात आम्ही दोघंही नोकरीला, मी हिशेबात आणि ते मेंटेनन्समध्ये, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये आमची शेजारची जागा कायमची. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणत असे. टाक्या, शेड, पाइप यांचा गंज खरवडून घ्यायचा आणि रंग मारून घ्यायचा, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. लोखंड नेहमी खालून सडतं, असं ते सांगत. खालून बघायची सवय तिथलीच.

मग राज्य नवीन झालं आणि आमचं रायपूर एका दिवसात राजधानी झालं. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना आठवत असेल, जो तो काहीतरी काढत सुटला होता. कुणी गेस्ट हाउस काढलं, कुणी ट्रॅव्हल्स. शहरातल्या एका तलावाचा गाळ काढला होता आणि तिथे बोटिंगचा परवाना देणार असं कळलं. भाऊंनी नोकरी सोडली, फंड उचलला आणि उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमच्या दोन होड्या करून घेतल्या. लाकडाच्या स्वस्त पडल्या असत्या. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "सारी जिंदगी गंज खरवडण्यात गेली. आता ज्याले गंजच लागत नाही असं काही तरी मले पाहू दे."

त्यांच्या घरात मात्र होडीचं नाव काढायची सोय नव्हती. वहिनींचा धाकटा भाऊ लहानपणी वैनगंगेत बुडाला होता. त्या घाटावरच होत्या तेव्हा. पाण्यावरचा धंदा म्हटल्यावर त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. मूलबाळ नसलेलं घर, त्यात ही शांतता. त्यामुळे होड्यांविषयी जे काय बोलायचं ते सगळं माझ्या वाट्याला आलं, आणि ते फार होतं.

त्यातलं निम्मं रंगाबद्दल असे. आमच्या तलावाचं पाणी म्हणजे शेवाळाची खाणच. पाण्यात राहणाऱ्या होडीच्या बुडाला चार महिन्यांत हिरवी दाढी येते, होडी जड होते, वल्ही मारणारा थकतो. ते शेवाळ धरू नये म्हणून बुडाला लावायचा वेगळा रंग मिळतो. पण रायपुरात तो विचारायला गेलं की दुकानदार आधी हसत. "भैया, यहाँ समंदर कहाँ है?" एकाने शेवटी कुठूनसा जहाजाला लावायचा लाल रंग मागवून दिला. भाऊंनी डबा उलटा करून पाहिला, मग सुलटा करून वाचला आणि परत केला. त्यात तांबं होतं. तांब्याने शेवाळ मरतं हे खरं, पण ॲल्युमिनियमला तांबं चालत नाही.

"तांबं आन ॲल्युमिनियम सासू-सुनांसारखे," संध्याकाळी कंपनीची बस कॉलनीच्या तोंडाशी थांबली की ते बसमधल्या जुन्या मंडळींना समजावत. "कोरडे असले तं नांदते. मधात पाणी आलं का तांबं त्याले खाऊन टाकते."

योग्य रंग निवडायला त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला वेगळा रंग दिला, आणि नायलॉनच्या दोरीने घाटाच्या पायरीवरून पाण्यात सोडून ठेवल्या. आंघोळीला येणाऱ्या बायकांना तो कुणाचा तरी नवस वाटला. काही दिवसांनी पाहतो तर आमच्या दोऱ्यांशेजारी लाल धागे बांधलेले, आणि पायरीवर नारळ फोडलेला. भाऊंनी नारळाचा तुकडा तोंडात टाकला आणि पट्ट्या वर ओढल्या. लाल रंगाच्या पट्टीला, जिथे रंग खरचटला होता तिथे, सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले होते. विशाखापट्टणमहून मागवलेला एक बिनतांब्याचा पांढरा रंग तेवढा शाबूत होता. त्या दिवशी ते इतके खूश होते की मला काय करावं ते सुचेना. रंगाची पट्टी घेऊन असा आनंद होणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आधी अस्तर, मग पांढऱ्या रंगाचे हात, असं सगळं त्यांनी स्वतः केलं. होडीत तांब्याची वस्तू न्यायला बंदी. नावाड्याच्या हातात तांब्याचं कडं होतं, तेही त्यांनी काढायला लावलं. तो बिचारा "हव साहेब" म्हणून कडं खिशात घालायचा.

होड्या पाण्यात सोडायच्या दिवशी वहिनी घाटावर आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. हातात पूजेचं ताट होतं. दोन्ही होड्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि जरा तिकडे व्हा, म्हणाल्या. आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो. दोघांत किती दिवसांनी शब्द आला होता कोण जाणे. भाऊंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला तेव्हा वाटलं की ह्या माणसाचं सगळं नीट होणार.

पहिलं वर्ष बरं गेलं. होडी ओढून काढली की बूड पांढरं स्वच्छ. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकायला लावून ते दाखवत.

दुसऱ्या हिवाळ्यात एका रविवारी तलावाच्या मध्यावर एका होडीत पाणी यायला लागलं. एक कुटुंब बसलेलं होतं. नावाड्याने जीव तोडून होडी काठाला आणली तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं. कुणाला काही झालं नाही. पण बायका रडल्या, गर्दी जमली, आणि दुसऱ्याच दिवशी परवाना देणाऱ्या खात्याचे साहेब आले. रंग हलका वापरलाय, पत्रा खाल्ला गेलाय, असं त्यांनी जागेवरच ठरवलं. माणूस वाईट नव्हता. दोष दुसरा असेल तर कारण दाखवा, ते सगळ्यांसमोर तपासू, दुरुस्ती करा, परवाना राहील, एवढं म्हणून गेले.

दोन्ही होड्या घाटावर उलट्या घातल्या. भाऊ तासभर बुडावरून नख फिरवत होते. रंग कुठेही सुटलेला नव्हता. दोन्ही होड्यांना मागच्या बैठकीच्या खाली, अगदी एकाच जागी, भोकं पडली होती. दुसरीचं भोक बारीक होतं, एवढाच फरक.

"खालून नाही खाल्लं," ते म्हणाले. "हे आतून खाल्लं."

होडी सुलटी केली. मागच्या बैठकीची फळी उचलली. खाली, तळात जिथे नेहमी थोडं पाणी साचून राहतं तिथे, लाल कापडाची एक पुरचुंडी घट्ट खोचलेली होती. ओलीच होती. त्यांनी गाठ सोडली. आत भोकाचा पैसा होता, जुना, तांब्याचा. पैसा जसाच्या तसा होता आणि त्याच्याखालचा पत्रा पिठासारखा पांढरा झाला होता. बोट लावलं तर भुगा पडला. दुसऱ्या होडीतही तेच.

कुणी ठेवलं ते विचारायची गरज नव्हती. आमच्याकडे नदी ओलांडताना पाण्यात पैसा टाकतात. ज्या बाईचा भाऊ पाण्याने नेला, तिने पैसा होडीतच ठेवून दिला होता, जाणाऱ्या प्रत्येकासाठी. तांब्याचं ते सगळं शास्त्र भाऊंनी बसमधल्या सगळ्यांना ऐकवलं होतं, नावाड्याला ऐकवलं होतं. घरी ऐकवायची सोय नव्हती.

मी म्हटलं, चला, साहेबांना हेच दाखवू. परवाना वाचेल. भाऊंनी पैशावरची पांढरी भुकटी सदऱ्याला पुसली.

"सगळ्यांसमोर तपासते म्हणाला तो," ते म्हणाले. "चार लोकं होडी पाहायले येईन. तिच्या कानावर जाईन का तिच्या पैशानं भोक पाडलं. एक भाऊ गेला तिचा. हे तिले कसं सांगू?"

"मंग काय सांगता?"

"रंग चुकला."

तेच सांगितलं त्यांनी. साहेबांना, कॉलनीला, बसमधल्या मंडळींना. ज्यांना रंगावर भाषणं दिली होती त्यांनी हसून घेतलं. मला हसणाऱ्यांचा फार राग आला, भाऊंचाही आला. परवाना गेला. होड्या भंगारात गेल्या. ते दोन भोकाचे पैसे त्यांनी घरी नेऊन वहिनींना दिले, होड्या मोडल्या म्हणून काढून आणले, असं सांगून. मी तिथेच बसलो होतो.

"पैसा होता म्हणून वाचले ते लोकं," वहिनी म्हणाल्या.

"हव," भाऊ म्हणाले.

त्यानंतर त्यांनी वस्तू उलटी करून बघणं सोडलं. कप समोर आला की मुकाट पीत. नवी राजधानी आपल्या वाटेने वाढत गेली, तलावात दुसऱ्या कुणाच्या फायबरच्या होड्या आल्या. भाऊ त्या बाजूला फिरकले नाहीत. दोन-तीन वर्षांत छातीच्या दुखण्याने गेले. जाण्याआधी माझ्याशी ह्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत, आणि मी कुणाला सांगणार नाही याची खात्रीही करून घेतली नाही.

मी अजून अधूनमधून वहिनींकडे जातो. ते दोन पैसे देवघरात आहेत. त्या दर आठवड्याला चिंचेने घासतात, लखलखीत असतात. परवा चहा देताना त्या सहज म्हणाल्या, "भाऊजी, एवढा मोठा रंगाचा जाणकार माणूस. तेवढ्यातच कसा चुकला असंन?"

मी कप हातात घेतला.

"होते कधी कधी, वहिनी," मी म्हणालो. "रंगच चुकला."