पाणी न मारलेलं सिमेंट

गवंडी जगात दोनच माणसांना मानत असे. एक स्वतःला, आणि दुसरा कोण ते अजून ठरायचं होतं. बाकी सगळे बिनडोक. इंजिनिअर बिनडोक, शेजारी बिनडोक आणि जन्मभर त्याचं घर सांभाळलेली बायको तर सगळ्यांत पुढं. दुसऱ्यानं बांधलेली भिंत दिसली की हा थांबायचा, एक डोळा मिटायचा, "फुगलीय" म्हणायचा आणि चालू लागायचा. बायको मागून पिशव्या घेऊन. स्वतःच्या दारातली पायरी मात्र कधीची फुटलेली. तिनं आठवण करून दिली की म्हणायचा, "बघू."

मग फुप्फुसातला कॅन्सर हाडात उतरला, पाठीचा एक मणका पिचला आणि हे शहाणे कूस बदलतानासुद्धा किंचाळू लागले. डॉक्टरीणबाईंनी खाटेशी बसून सरळ सांगितलं. आजार बरा होणार नाही. पण सुईनं मणक्यात सिमेंट भरलं तर मणका धरून राहील, दुखणं बरंच कमी होईल, उरलेले महिने उठूनबसून काढता येतील.

सिमेंट भरलं. काही तास उताणं झोपवल्यावर बाई म्हणाल्या, "आता उठा काका, चार पावलं चाला."

"इतक्यात? पाणी नाही मारलं, काही नाही?"

"हे सिमेंट वेगळं असतं. आतल्या आत लगेच घट्ट होतं."

गवंड्यानं बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस? मला सिमेंट शिकवतेय."

त्यानं उठायला साफ नकार दिला. घरी येऊन जो आडवा झाला तो झालाच. तीन आठवडे झाल्याशिवाय म्हणे भार टाकायचा नाही. दुखणं तर पार ओसरलं होतं, झोपेत तो बिनबोभाट कुशीवर वळायचा. पण मूर्खपणावर अजून सुई निघालेली नाही. हाती उरलेले चार दिवस हे महाशय छताच्या गिलाव्याला नावं ठेवण्यात घालवणार होते. बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. संसारभर तो कामावर उभ्या उभ्या जेवला. एकदा तरी त्यानं समोर बसून जेवावं, एवढीच तिची इच्छा होती.

"अहो, बाईंनी चालायला सांगितलंय."

"बाईंनी कधी स्लॅब ओतलाय?"

"तुम्ही स्लॅब नाही."

"तू गप्प बस."

ती उठली. मागच्या खोलीतून त्याचं घमेलं, थापी, विटा, उरलंसुरलं सिमेंट आणि वाळू घेऊन आली आणि पलंगावरून नीट दिसेल अशी दारात फतकल मारून बसली. मालात पाणी मुद्दाम बदाबदा ओतलं.

"काय चाललंय?"

"पायरी."

"अगं, तो माल आहे की चहा? विटा भिजवल्यास?"

"त्या कशाला भिजवायच्या?" असं म्हणून तिनं थापी उलटी धरली.

हे मात्र त्याला सोसवलं नाही. "बिनडोक!" तो गरजला, आणि ती पाहते तर हा चौकट धरून दारात उभा. स्वतःच्या पायांवर. दोघंही घाबरली. पण मणका टिकला. तिनं धावत स्टूल आणलं. दुपारभर तो त्यावर ताठ बसून तिचा उद्धार करत होता आणि ती मान खाली घालून विटा लावत होती. डोळे भरून येत होते, पण त्याला दिसलं असतं तर मालात खारं पाणी चालत नाही म्हणाला असता.

पुढं शेवटचं अंथरूण धरेपर्यंत तो रोज तिच्यासमोर बसून जेवला, भाजीला नावं ठेवत. पायरी एका बाजूला जरा कललीच होती. "कुणी बांधली विचारलं तर माझं नाव सांगायचं नाही," असं त्यानं तिला बजावून ठेवलं होतं.

तो गेल्यावर भेटायला येणारा जो तो त्या पायरीवर अडखळतो. आत येऊन, पाय चोळत विचारतो, "कुणी बांधली हो ही?"

"ह्यांनी," ती ठणकावून सांगते.