लालबागहून चौलला नेलेली खोली

टेम्पो लालबागच्या अरुंद गल्लीत उलटा शिरला, मागची ताडपत्री वर झाली आणि मला माझं फिरतं घर पहिल्यांदा दिसलं. ते सपाट होतं. पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या पांढऱ्या फळ्या, दोन खिडक्या, रबरी पट्टीचं भेंडोळं, स्क्रूंच्या पिशव्या आणि दोन चाकांचा लोखंडी सांगाडा. दत्ताराम परब कमरेवर हात ठेवून पाहत राहिले.

"वहिनी, ह्यात माणूस झोपतलो खंय?" ते म्हणाले. (खंय म्हणजे कुठे. दत्ताराम एरवी मुंबईचं मराठी बोलतात, पण काळजी वाटली की मालवणीत शिरतात.)

"आधी जोडू तर द्या," मी म्हटलं.

दत्ताराम म्हणजे माझ्या नवऱ्याचा, विलासचा, कॉलेजपासूनचा मित्र. त्यांचा मंडप-सजावटीचा धंदा आहे. गणपतीच्या आधी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर मात्र ती रिकामीच असते. होळीपर्यंत शेड वापरा म्हणाले. म्हणजे माझ्या हातात हिवाळा होता.

फिरतं घर कशासाठी, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी विलासच्या किडन्या निकामी झाल्या. त्याच्या पोटात एक बारीक नळी कायमची बसवलेली आहे. तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास राहू द्यायचं, मग ते काढून नवं भरायचं. दिवसातून चार वेळा. हे घरीच करता येतं, पण खोली स्वच्छ लागते. त्या वेळी दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडावर मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. जरा जंतू आत गेला की पोटात संसर्ग, आणि बाहेर येणारं पाणी गढूळ. एकदा भाचीच्या लग्नात आम्ही एका नातेवाइकांकडे राहिलो आणि तसंच झालं. परळच्या हॉस्पिटलात बरेच दिवस काढले. तेव्हापासून विलासने गिरगावच्या घराबाहेर एक रात्र काढली नव्हती.

त्याची मोठी बहीण, मंदाताई, चौलला असते. तिच्या गुडघ्यांना आमचे तीन जिने चढवत नाहीत. तिच्या घरात चूल आहे, शेळ्या आहेत, कोंबड्या मागच्या दाराने येऊन पुढच्या दाराने जातात. ती दर रविवारी फोनवर विचारायची, "कधी येतोस?" आणि विलास दर रविवारी म्हणायचा, "जरा कामं आहेत." बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कसली कामं? तिला नळीबद्दल काहीच माहीत नव्हतं. किडनीचा थोडा त्रास आहे, औषध चालू आहे, एवढंच त्याने सांगितलं होतं.

गाडीमागे ओढायची छोटी खोली सुट्या भागांत मिळते आणि आपण जोडायची असते, हे मी इंटरनेटवर पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी चौकशीला लागले. माझी सगळी नोकरी दादरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेली. नळ्या, मापं, स्क्रू यांची मला भीती नाही. विलास म्हणाला, "तू वेडी आहेस." दोन दिवसांनी म्हणाला, "खोलीची उंची किती असते?"

रोज सकाळचं पाणी बदलून झालं की आम्ही बसने लालबागला जायचो. दुपारचं पाणी बदलायला विलासला परत घरी यावं लागायचं, म्हणून त्याची पाळी सकाळचीच. तो खुर्चीत बसून सूचना वाचायचा, मी आणि दत्ताराम जोडायचो. बँकेत त्याने आयुष्यभर दुसऱ्यांची कामं तपासली होती, तीच सवय.

"आधी पाणसळ लावा," तो म्हणायचा. (पाणसळ म्हणजे पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे दाखवणारी बुडबुड्याची पट्टी.) "तळ वाकडा राहिला तर दार कधीच बसणार नाही."

"रे, तीस वर्षं मंडप उभारतोय," दत्ताराम म्हणायचे. "एक वाकडा नाही झाला."

"मंडप दहा दिवसांनी उतरवतोस. हे राहायला हवं."

तळ, मग भिंती, मग छत. भिंतीच्या आतल्या बाजूला मी पुसता येईल असा गुळगुळीत पत्रा निवडला होता. कोपऱ्यांत धूळ साठू नये म्हणून प्रत्येक सांधा सिलिकॉनने भरून बोटाने गोल केला. दुपारी दत्ताराम आणि मी डबा उघडायचो. मी बोंबलाचं भुजणं न्यायचे (आम्हा पाठारे प्रभूंचा प्रकार, कांदा, लसूण, कोथिंबीर आणि तेल मासळीला चोळून एकत्रच शिजवायचं). विलाससाठी मीठ कमी केलेलं असायचं. दत्ताराम ते खाऊन म्हणायचे, "चव छान आहे, मीठ कुठे ठेवलंय?"

छत बसलं त्या दिवशी आम्ही नळाचा पाइप लावून वरून पाणी मारलं. खिडकीखालून धार लागली. मी रबरी पट्टी उलटी बसवली होती. ती काढून पुन्हा बसवण्यात तीन दिवस गेले, पण त्यानंतर एक थेंब आला नाही.

खरी परीक्षा वेगळीच होती. जानेवारीत एका दुपारी विलास घरी न जाता शेडमध्येच थांबला. आम्ही आतून सगळं पुसून घेतलं. मी छताच्या हुकाला पाण्याची पिशवी लावली, दार ओढून घेतलं. पोटातलं पाणी आधी खालच्या रिकाम्या पिशवीत उतरायला हवं. ते आपोआप, उतारावरून उतरतं. विलास बाकावर बसला होता. घरी वीसेक मिनिटांत होणारं काम पाऊण तास झाला तरी होईना.

"थेंब थेंब येतंय," मास्कमागून तो म्हणाला.

बाक बुटका होता. पोट आणि जमीन यांत पुरेसं अंतरच नव्हतं. शेवटी कसंबसं उरकलं. बाहेर आल्यावर विलास चप्पल घालून बसस्टॉपकडे चालू लागला. मी त्याच्या शेजारी चालत राहिले.

"सोड आता," तो म्हणाला. "तू खूप केलंस."

"बाक उंच करायचा आहे, विलास. घर पाडायचं नाहीये."

त्या रात्री मी नकाशा समोर घेतला. मागच्या बाजूला स्वयंपाकासाठी बाहेरून उघडणारी एक मजबूत पेटी होती, तिथेच छत सगळ्यात उंच होतं. ती पेटी आत वळवून तिच्यावर गादी ठेवली, की खुर्चीएवढी उंच बैठक होत होती. दुसऱ्या दिवशी दत्तारामना दाखवलं.

"मग स्वयंपाक खंय?"

"बाहेर. घडीच्या टेबलावर."

"आणि पाऊस आला तर?"

"तर उपाशी."

ते हसले आणि ड्रिल घेऊन आले. चार दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली. विलासने आतून दारावर टकटक केलं. मी दार उघडलं तेव्हा तो मास्क काढून बसला होता. "घरच्यापेक्षा लवकर झालं," म्हणाला.

मग गाडी चालवायचा सराव. मागे खोली जोडली की उलटं जाताना स्टिअरिंग नेमकं विरुद्ध फिरवावं लागतं. त्यासाठी रविवारी सकाळी शिवडीच्या गोदामांमधला रुंद रस्ता गाठला. पलीकडे खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उभे होते. त्यांच्याकडे बघायला मला फुरसत नव्हती. दोन-तीनदा खोली काटकोनात वळून अडकली. बंद ट्रकांच्या सावलीत चहा पीत बसलेल्यांपैकी एक जण उठून आला.

"मॅडम, इसमें क्या बेचोगे? पावभाजी?"

"कुछ नहीं. रहने का है."

त्याने खिडकीतून आत पाहिलं आणि मित्रांना ओरडून सांगितलं, "बेडरूम है!" मग सगळेच चहा घेऊन बघायला आले. त्यांच्यासमोर मी खोली दोन गोदामांच्या मधल्या फटीत सरळ आत घातली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं, ते मी लपवलं नाही.

फेब्रुवारीच्या एका सकाळी निघालो. दत्तारामनी चाकाजवळ नारळ फोडला. तीन दिवसांचं औषधी पाणी लागणार होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी दुप्पट खोकी घेतली होती. सायन, वाशीचा पूल, पनवेल. मागे वजन असल्याने गाडी सावकाश चालत होती आणि मला ते आवडत होतं. विलास आरशात मागे बघत बसला होता.

पेणच्या अलीकडे एका खड्ड्यात दणका बसला. वडखळच्या पुढे एका खानावळीमागे थांबून दार उघडलं, तर पिण्याच्या पाण्याचा कॅन आडवा झालेला आणि झोपायची गादी अर्धी भिजलेली. सुदैवाने खोकी आणि उंच बैठक कोरडी होती. पुसून घेतलं, विलास आत गेला, दार लागलं. मी बाहेर उभी राहिले. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले.

"काय मिळतं हो?"

"काही नाही. बंद आहे."

"उघडणार कधी?"

"अर्ध्या तासाने."

ते जोडपं समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलं. अर्ध्या तासाने दार उघडून विलास शर्टाची बटणं लावत बाहेर आला, तेव्हा मला त्यांना खरं सांगावं लागलं. बाई म्हणाल्या, "अहो, आम्ही वडे समजलो," आणि पर्समधून दोन चिक्क्या काढून आमच्या हातावर ठेवल्या.

अलिबाग मागे टाकलं आणि रस्ता नारळी-पोफळींत शिरला. चौलला दोन्ही बाजूंनी वाड्यांचे गडगे (दगड रचून केलेली कुंपणं) इतके जवळ येतात, की समोरून एसटी आली तेव्हा मला बरंच अंतर उलटं जावं लागलं. शिवडीचा सराव तिथे कामाला आला. मंदाताईच्या अंगणातही मी खोली उलटीच आत घेतली.

ताई काठी टेकत ओटीवर आली. भावाला बघून तिचा चेहरा फुलला, मग त्याच्या मागे बघून उतरला. मी भिजलेली गादी काढून कुंपणावर वाळत घालत होते.

"माझ्या घरात अंथरूण नाही का?" ती म्हणाली. "झोपायला घर घेऊन आलास?"

विलासने माझ्याकडे पाहिलं. मी गादी सारखी करत राहिले. ते मी सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी तो ओटीवर तिच्या शेजारी बसला आणि शर्ट वर करून त्याने नळी दाखवली. सगळं सांगितलं. ताई नळीकडे बघत राहिली.

"दुखतं?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू धावत आली असतीस. तुझे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत," ताई म्हणाली.

ती उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती झाडू घेऊन बाहेर आली आणि खोलीभोवतालचं अंगण खसाखसा झाडायला लागली. धुळीचा लोट उठला. संध्याकाळचं पाणी बदलायची वेळ होत आली होती.

"ताई, धूळ नको. धूळच तर चालत नाही," मी म्हटलं.

ती थांबली. मग तिने मला विहिरीवरून घागर आणायला लावली आणि सगळ्या अंगणात सडा मारला. शेळ्या शेजाऱ्यांकडे पाठवल्या. चूल मागच्या पडवीत हलवली. विलास आत गेला तेव्हा ओल्या मातीच्या त्या अंगणात धूळ म्हणून उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी पोपटी लावली (मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा आणि अंडी, मडकं उपडं घालून वरून जाळ करायचा). विलासला शेंगा मोजक्याच चालतात. ताई एकेक सोलून त्याच्या ताटात टाकत होती आणि माझ्याकडे बघून विचारत होती, "आणखी एक?" मी मान हलवेपर्यंत पुढची सोलत नव्हती. लहानपणी झाडावरून कोण पडलं आणि मार कुणाला बसला यावर दोघांचं भांडण झालं. विलासला इतकं बोलताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या तयारीत मी खोलीखालचा जॅक उचलायला घेतला. विलास ओटीवरून उठला नाही.

"मी राहू का?" तो म्हणाला. "पाणी तर आहे अजून तीन दिवसांचं."

"एकटा?"

"मी काय बँकेत एकटा बसत नव्हतो? हात धुवायचे, दार लावायचं. मला येतं."

त्याला येत होतंच. फक्त दोन वर्षांत मी त्याला एकही रात्र माझ्याशिवाय काढू दिली नव्हती, आणि त्यानेही मागितली नव्हती. परवा न्यायला येते म्हटलं आणि मी हुक सोडला, तारा काढल्या, चाकांखाली दगड लावले. पाणसळ ठेवून तळ पुन्हा तपासला. काही झालं तर अलिबागला कुणाकडे जायचं ते ताईला दोनदा समजावलं. तिने दुसऱ्यांदा मला पूर्ण करू दिलं नाही.

परतीचा रस्ता रिकामा आणि हलका होता. गाडी पळत होती, तरी मी सवयीने सावकाश वळत होते. खोली बांधताना माझ्या डोळ्यांसमोर कायम आम्ही दोघं होतो: गाडीत दोघं, खोलीत दोघं, कुठल्यातरी किनाऱ्यावर दोघं. आपण बांधतोय ते त्याला माझ्याशिवाय राहता यावं म्हणून, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पनवेलपर्यंत मला ते थोडं लागलं. वाशीचा पूल ओलांडला तेव्हा लागेनासं झालं.

गिरगावात गाडी लावून वर आले, चहा टाकला. विलासचा फोन आला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"पाणी स्वच्छ आलं. ऐक, परवा घाई करून येऊ नकोस. खोकी संपायच्या आत, शुक्रवारी आलीस तरी चालेल. येताना चार दिवसांची जास्त आण."

मी कुठेही बाहेर पडले की त्या माणसाने दोन वर्षांत मला 'लवकर ये' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि खिडकीशी उभी राहून चहा अगदी सावकाश संपवला.